नासण्याआधीचे दूध

शिल्लक दुधाचे काय करायचे, हे त्या दुधाच्या वयावर ठरते. सकाळी तापवून गार केलेल्या दुधाची दुपारी बासुंदी होते. तेच दूध उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिले तर बासुंदीच्या कढईत फाटते, पण त्याचे पनीर होऊ शकते. विरजण लावण्याची वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. साय या सगळ्यांपासून वेगळी निघून आठवडाभर थांबायला तयार असते. पाककृतींच्या पुस्तकांत दुधाचे पदार्थ गोड, तिखट, उपासाचे अशा विभागांत मांडलेले असतात. शिल्लक दूध समोर घेऊन बसलेल्या माणसाला त्या मांडणीचा उपयोग थोडाच. त्याला दुधाच्या तासांप्रमाणे जावे लागते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांना तसे जाण्याची जुनी सवय आहे.

खरे तर दूध घरात राहूच नये, अशी या जिल्ह्यातली व्यवस्था आहे. गावोगावच्या सहकारी दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घातले जाते, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ) मोजून दर ठरतो आणि दूध संघाकडे रवाना होते. १९६३ मध्ये स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, गोकुळ शिरगावच्या प्रकल्पात त्यावर प्रक्रिया करतो. पन्हाळा तालुक्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी परिवारातला वारणा दूध संघ आहे. दुधाचे बिल ठरावीक दिवसांनी हातात येते आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराचा दरफरक मिळतो. अनेक घरांतली दिवाळीची खरेदी त्याच पैशांवर होते. अशा घरात मागे ठेवलेल्या प्रत्येक लिटरला ठरलेली किंमत असते. ‘घरापुरते’ ठेवून बाकीचे डेअरीला घालायचे, हा रिवाज त्यातून पडला. घरोघरचे ताक घुसळणे आणि खवा आटवणे कमी झाले, तेही त्यामुळेच.

कोल्हापूर शहरातली जुनी पद्धत याहून सोपी होती. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात आढळणारी पंढरपुरी म्हैस लांब, तलवारीसारख्या शिंगांवरून ओळखू येते. ही म्हैस जागेचा फारसा विचार न करता पान्हा सोडते. त्यामुळे गवळी ती गिऱ्हाइकाच्या दारात नेत आणि मागेल तेवढेच दूध समोर काढून देत. कासेत राहिलेले दूध नासत नाही, हे त्यामागचे साधे गणित. गंगावेश आणि मिरजकर तिकटीच्या दूधकट्ट्यांवर आजही म्हशी उभ्या राहतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचे ग्लास भरले जातात. तालमींच्या या शहरात पैलवानांच्या खुराकाशी त्याचे जुने नाते आहे. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू पोटात जाऊ शकतात, असे डॉक्टर सांगतात. कट्ट्यावर ते फारसे कोणी मनावर घेत नाही. दिवाळी पाडव्याला याच म्हशी शिंगे रंगवून, माळा घालून मालकाच्या मोटारसायकलमागे पळवल्या जातात आणि ते पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटते.

तरीही दूध उरते. पहिले कारण ऋतूचे. म्हशी मोठ्या संख्येने पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत वितात. त्याच सुमाराला ओला चारा मुबलक होतो आणि पुढे ऊसतोड सुरू झाली की उसाच्या शेंड्यांचे वाडेही मिळते. दुग्धव्यवसायात या दिवसांना पुष्ट काळ म्हणतात. उन्हाळ्याचा तो कृश काळ. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत दूध वाढलेले असते. त्यातच वसुबारसेला व्रत करणाऱ्या बायका गाईचे दूध आणि त्याचे पदार्थ वर्ज्य करतात. म्हणजे ऐन दुधाच्या दिवसांत घरातले एक मोठे गिऱ्हाईक त्या दिवसापुरते गैरहजर असते.

दुसरे कारण चीक. व्यायल्यानंतर पहिले काही दिवस निघणारा चीक डेअरी घेत नाही, कारण तापवताच तो घट्ट होतो. नेहमीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते आणि ते उष्णतेला दाद देत नाही. चिकात मात्र रोगप्रतिकारक प्रथिने प्रचंड असतात आणि ती उष्णतेने गोठतात. ती वासरासाठी असतात, म्हणून रेडकू पहिल्या तासा-दोन तासांत पोटभर पिणे आवश्यक असते. पुढे जे उरते त्याचा खरवस. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात तिप्पट-चौपट दूध घालावे लागते. तिसऱ्या दिवसाच्या चिकाला थोडेच पुरते. गूळ किसून, वेलची-जायफळ घालून डबा कुकरमध्ये शिटी न लावता वाफवला की वडी पडते. चीक साठत नाही आणि एका घरात संपतही नाही, म्हणून तो गल्लीत वाटला जातो. शिल्लक दुधावरचा हा सर्वांत जुना तोडगा असावा. शेजारच्या घरातून भांडे रिकामे परत येत नाही, त्यामुळे हिशेबही कोणाच्या अंगावर राहत नाही.

तिसरे कारण साखळी तुटण्याचे, आणि गेल्या दशकात तसे प्रसंग लागोपाठ आले. जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दरासाठी दूध आंदोलन पुकारले. मुंबईकडे जाणारे दूध रोखले गेले आणि गावांतले संकलन थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला, करवीर आणि शिरोळ तालुक्यांतली गावे तुटली आणि टँकर जागेवर थांबले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि लग्नकार्ये बंद पडली, तेव्हा राज्य सरकारने दररोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. आंदोलन असो, पूर असो, म्हशीची धार दिवसातून दोनदा काढावीच लागते. न काढल्यास कास दाटून कासदाह होतो.

म्हणूनच दूध किती वेळ टिकते आणि का नासते, याचे गणित ध्यानात असावे लागते. ताज्या दुधात पाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज नावाची साखर असते. हवेतून, भांड्यातून, हातातून आलेले जीवाणू ती खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास दुधातली नैसर्गिक प्रतिजैविक द्रव्ये जीवाणूंना आवरून धरतात. नंतर उबदार हवेत जीवाणूंची संख्या अर्ध्या तासाला दुप्पट होऊ शकते, म्हणजे पाच तासांत हजारपट. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१४ ते ०.१६ टक्के असते. ती ०.२ च्या पुढे सरकली की उकळताना दूध फाटण्याचा धोका सुरू होतो. गार अवस्थेत आपोआप घट्ट व्हायला ती ०.५ ते ०.६ टक्क्यांपर्यंत जावी लागते. या दोन आकड्यांमधले दूध सुरुवातीला जिभेला बरे लागते, डोळ्यांना चांगले दिसते आणि विस्तवावर दगा देते. घरातली बरीच फजिती याच पट्ट्यात होते.

यावरची घरगुती परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. शंका असेल तर पळीभर दूध काढून तेवढेच तापवायचे. ते नीट उकळले तर उरलेले लगेच उकळून घ्यायचे. कडेला कण दिसले तर आटवण्याचा बेत सोडून द्यायचा. काही घरांत अशा दुधात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून वेळ मारून नेतात. सोड्याने आम्ल तात्पुरते मारले जाते, जीवाणू मात्र जिथल्या तिथे राहतात. शिवाय असे दूध आटवल्यास लवकर तांबूस होते आणि साबणी चव येते. विकण्याच्या दुधात सोडा घालणे भेसळ ठरते. घरातही तो न घातलेलाच बरा.

फ्रिज येण्यापूर्वी दूध राखायचे म्हणजे ते पुन्हा पुन्हा उकळायचे. सकाळी, दुपारी आणि रात्री उकळी दिली की दर वेळी वाढलेले जीवाणू मरत आणि पुढचे सहा-आठ तास मिळत. उकळी वर आली की लगेच गॅस बंद करणे पुरेसे नसते. फेस खाली बसवून आणखी दोन-तीन मिनिटे दूध खळखळू द्यावे लागते. तेवढ्यानेही काही जीवाणूंची बीजे मरत नाहीत आणि दूध कोमट झाले की ती उगवतात. यासाठी उकळलेले दूध लवकर गार करणे महत्त्वाचे. परातीत थंड पाणी घेऊन त्यात पातेले ठेवले आणि अधूनमधून ढवळले, की अर्ध्या तासात दूध फ्रिजमध्ये ठेवण्याजोगे होते. चार अंशांच्या आसपास ते दोन दिवस चांगले राहते. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात तापमान सारखे वरखाली होते, आणि बहुतेक घरांत दुधाची पिशवी नेमकी तिथेच असते.

ताज्या, गोड दुधाचा पहिला हक्क आटवण्याला. म्हशीचे दूध यासाठी विशेष लायक, कारण त्यात सहा ते सात टक्के स्निग्धांश आणि नऊ टक्क्यांच्या वर इतर घनपदार्थ असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन-चार टक्के. बासुंदीसाठी जाड बुडाची पसरट कढई घेऊन दूध निम्म्याच्याही थोडे खाली आटवतात आणि कडेची साय खरवडून पुन्हा दुधात सोडतात. साखर शेवटी घालायची, लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम. घातल्यावर बासुंदी थोडी सैल होते, हे धरून आधी जास्त आटवावे लागते. जिल्ह्यात या पदार्थाचे माहेर नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या दत्तक्षेत्री पौर्णिमेला गर्दी होते, आणि प्रसादाच्या दुकानांतून बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परतणारा यात्रेकरू विरळा. भोवतालच्या शिरोळ तालुक्यातले विपुल दूध आणि दारात चालून आलेले गिऱ्हाईक, असा तो मेळ आहे. घरच्या बासुंदीला मात्र मर्यादा आहे. ती फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच राहते, म्हणजे दूध वाचते पण वेळ फारसा वाढत नाही.

वेळ वाढतो तो खव्यात. एक लिटर म्हशीच्या दुधातून २०० ते २२० ग्रॅम खवा पडतो. गाईच्या दुधातून त्याहून कमी, आणि तो चिकट व पिवळसर होतो. दूध मोठ्या आचेवर सतत हलवत आटवायचे आणि घट्ट झाले की आच मंद करून कढई सोडेपर्यंत परतायचे. गोळा गार होऊन घट्ट झाला की फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आणि फ्रीजरमध्ये दोनेक महिने राहतो. खव्याची पोळी, साटोरी, गुलाबजाम, पेढे यांची सोय एका कढईत होते. किंमत मोजावी लागते ती इंधनाची. लिटरभर दुधातून पाऊण लिटरहून अधिक पाणी वाफ करून घालवायचे, तर घरगुती शेगडीवर सुमारे ७५ ते ९० ग्रॅम गॅस जळतो. पाच-सहा लिटरांना अर्धा किलो गॅस आणि तासाहून जास्त वेळ उभे राहणे. गावाकडे चुलीवर, घरच्या जळणावर हा व्यवहार परवडे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम आणि कुंथलगिरी परिसरात खव्याच्या भट्ट्या वाढल्या, त्यामागे खव्याचे टिकणे हेच कारण होते: मोठी बाजारपेठ लांब, दूध नासणारे आणि खवा प्रवास सोसणारा.

आटवणे आणखी पुढे नेले की दुधातली साखर आणि प्रथिने एकमेकांशी संयोग पावून तांबूस होतात आणि खमंग वास सुटतो. बेळगावचा कुंदा या टप्प्यावर जन्मतो. कंदी पेढ्याचा रंगही असाच येतो. त्याला वेगळा रंग लागत नाही. खवा किंचित करपला म्हणून हळहळणाऱ्या घरात साखर घालून तो कुंद्याच्या दिशेने वळवता येतो. काळा पडला असेल तर मात्र इलाज नाही.

इंधन खर्च न करता दूध टिकवायचे असेल तर विरजणाला पर्याय नाही. २०१९ सारख्या पुरात वीज गेलेली, सिलिंडर मिळण्याची खात्री नाही आणि जळण ओले; अशा घरात एका उकळीनंतर दह्याला काहीच लागत नाही. दुधाला नासवणारे आम्ल आणि दह्याला टिकवणारे आम्ल एकच आहे. फरक इतकाच की विरजणातून निवडक जीवाणू भरपूर संख्येने आत सोडले जातात आणि ते इतरांना वाढायला जागा ठेवत नाहीत. दूध बोट बुडवून सहज सोसेल इतके कोमट, म्हणजे ३७ ते ४२ अंश असावे. लिटरला चमचाभर विरजण पुरते. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. कोल्हापूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्रभर ठेवूनही सैल राहते, तेव्हा विरजण वाढवून भांडे कापडात गुंडाळतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दही लावू नये, कारण आम्ल धातू विरघळवते आणि दही कळकते. लागलेले दही फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस राहते. आंबट होत जाते, पण वाया जात नाही.

दही जास्त झाले की चक्का. स्वच्छ पंच्यात बांधून रात्रभर टांगले की निवळी गळते आणि एक लिटर दुधाच्या दह्याचा साधारण तिसरा हिस्सा चक्का हाती लागतो. तेवढीच किंवा थोडी कमी साखर मिसळून, चाळणीतून काढून श्रीखंड करायचे. साखर पाणी बांधून ठेवते आणि आम्ल तर असतेच, त्यामुळे आठवडाभराची निश्चिंती. हा पदार्थ या मुलखात जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात दह्याच्या शिखरिणीचे वर्णन येते. कोल्हापूरचे शिलाहार या चालुक्यांचे मांडलिक होते. आता गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला बहुतेक घरांत तयार डबा येतो, आणि त्यात वारणेच्या श्रीखंडाचे नाव महाराष्ट्रभर झाले आहे. साखर न घालता चक्क्यात मीठ, लसूण आणि मिरचीचा ठेचा मिसळला की भाकरीबरोबर उत्तम तोंडीलावणे होते, ही सोय मात्र डब्यात मिळत नाही.

साय ही शिल्लक दुधाची बचत-पेढी. रोज लिटर-दीड लिटर दूध घेणाऱ्या घरात आठ-दहा दिवसांची साय तूप कढवण्याइतकी होते. साय नुसती साठवली तर फ्रिजमध्येही कडवट होते. म्हणून पहिल्या दिवसापासून भांड्यात विरजण असावे आणि रोजची साय त्यात मिसळत जावी. घुसळताना तापमान महत्त्वाचे. फार थंड असेल तर लोणी धरत नाही, फार उबदार असेल तर पातळ होऊन ताकात विखुरते. उन्हाळ्यात बर्फाचे आणि थंडीत किंचित कोमट पाणी घालायचे ते त्यासाठी. लोणी दोन-तीनदा धुऊन मंद आचेवर कढवतात. पाणी उडून जाईपर्यंत ते कडकडते, मग आवाज थांबतो, बेरी तळाशी बसून बदामी होते आणि वर तूप निवळते. विड्याचे पान टाकण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. एक लिटर म्हशीच्या दुधाच्या सायीतून घरी ४० ते ५० ग्रॅम तूप निघते. हळूहळू गार होऊ दिले तर रवा धरते. म्हशीचे तूप पांढरे राहते, कारण म्हैस चाऱ्यातल्या पिवळ्या कॅरोटीनचे जीवनसत्त्व अ मध्ये जवळपास पूर्ण रूपांतर करते. पाण्याचा अंश उरला नसेल तर तूप फ्रिजबाहेरही सहा महिने राहते. दुधाच्या प्रवासातला हा सर्वांत लांबचा मुक्काम. खाली राहिलेली बेरी गूळ घालून मुलांच्या हातावर पडते किंवा कणकेत मळली जाते.

लोण्याच्या मागे ताक उरते आणि ते खपवणे हा वेगळा उद्योग आहे. कढी, मठ्ठा, ताकातला पालक, तांदळाच्या पिठाची उकड. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा ठरलेलाच. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ ताकात शिजवून केलेली आंबील कोल्हापुरात देवाच्या नैवेद्यापर्यंत पोहोचली आहे: मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेत तिचा मान असतो. उन्हाळ्यात ताक फार आंबले तर त्यात मीठ घालून मिरच्या भिजवतात आणि त्या कडक उन्हात वाळवतात. ताक रात्री आणि ऊन दिवसा, असे चार-पाच दिवस चालते. वाळलेली सांडगी मिरची वर्षभर तळून खाता येते, म्हणजे पिण्याजोगे न राहिलेले ताकही वर्षाची बेगमी करून जाते.

आता फाटलेल्या दुधाकडे. पनीर करताना दूध मुद्दाम फाडतात: उकळी आणून, थोडे निवू देऊन त्यात लिंबाचा रस, आंबट ताक किंवा सायट्रिक आम्लाचे पाणी हळूहळू घालायचे. लिटरला एक-दोन लिंबे लागतात. निवळी हिरवट-पिवळी आणि नितळ दिसली की थांबायचे. जास्त आम्लाने पनीर रबरासारखे आणि आंबट होते. कापडात बांधून पंधरा-वीस मिनिटे वजनाखाली ठेवले की म्हशीच्या दुधाचे सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळते. जुन्या कोल्हापुरी स्वयंपाकात पनीर नव्हते. नासलेल्या दुधात साखर किंवा गूळ घालून आटवलेली नासकवणी मात्र होती. गूळ स्वतःच आम्लधर्मी असल्याने उकळत्या दुधात पडला की ते फाडतो. खीर करणारे म्हणूनच तो आच बंद करून, दूध निवल्यावर घालतात. नासकवणीला ती भीती नाही, उलट गुळाने काम पुरे होते. जिल्ह्यात गुऱ्हाळे धडधडत असतात तेच दिवस दुधाच्या पुष्ट काळाचे, त्यामुळे या पदार्थाला दोन्हीकडून पुरवठा होता. ‘मानसोल्लासा’तही दूध आंबट घालून फाडायचे, त्यातला घट्ट भाग तांदळाच्या पिठाबरोबर मळून तळायचा आणि साखरेत घोळायचा, अशी कृती आहे. म्हणजे दूध फाडून खाणे राजाच्या मुदपाकखान्यातही कमीपणाचे नव्हते.

निवळी फेकून देण्याचे कारण नाही. तिच्यात लॅक्टोज, क्षार आणि थोडी प्रथिने असतात. कणीक मळायला, आमटीत पाण्याऐवजी, भात शिजवायला ती चालते. एक दिवस आंबवली तर पुढच्या पनीरला लिंबू लागत नाही. गोठा असेल तर ती आंबोणात जाते.

हे सगळे आंबटपणाने फाटलेल्या दुधाबद्दल. इथे जुना अनुभव आणि नवी पिशवी यांच्यात अंतर पडले आहे. गवळ्याच्या कच्च्या दुधात आम्ल करणारे जीवाणू भरपूर असल्याने ते आधी आंबट होई, आणि ‘फाटले तरी चालते’ हा समज त्या दुधावर बेतलेला होता. पिशवीतले दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेले असते. त्यात आम्लकारी जीवाणू मेलेले असतात, तग धरून राहतात ती उष्णतेला न जुमानणारी बीजे. शिवाय थंडीत वाढणारे जीवाणू नंतर शिरकाव करतात. हे दोन्ही दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश कुजवतात. म्हणून पिशवीतले दूध पुष्कळदा आंबट न होता कडू होते, किंवा अजिबात आंबट नसताना घट्ट होते. आंबट वासाच्या दुधाचे पनीर करता येईल. कडू, तार सुटणाऱ्या, बुळबुळीत, गुलाबी-पिवळी झाक आलेल्या किंवा कुजका वास येणाऱ्या दुधाचे काहीही करू नये. काही जीवाणूंची विषे उकळूनही नाहीशी होत नाहीत. लहान मुले, गर्भवती आणि आजारी माणसे असलेल्या घरात तर आंबट दुधाच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा.

असे दूध टाकायचे ते मोरीत ओतू नये. सांडपाण्यातला प्रदूषणाचा भार ते कुजताना किती प्राणवायू खाते यावर मोजतात. साध्या घरगुती सांडपाण्यासाठी हा आकडा लिटरला काही शे मिलिग्रॅम असतो. दुधासाठी तो एक लाखाच्या घरात जातो. कोल्हापूरच्या नाल्यांचे पाणी शेवटी पंचगंगेत मिळते, आणि त्या नदीचे प्रदूषण हा गेली कित्येक वर्षे न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. खराब दूध आठ-दहा पट पाण्यात मिसळून परसातल्या मातीत पसरावे किंवा उकिरड्यावर, पालापाचोळ्यात ओतून वर माती टाकावी. पिशवी धुऊन वेगळी ठेवावी.